एक सी कंपायलर पाणी पिईपर्यंत तयार, दुसऱ्याला अख्खी रात्र. असं का?

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री ११:५०

मंडळी, सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हा विषय शिकवतो. दरवर्षी फळ्यावर पार्स ट्री काढून पोरांना झोप आणतो. यंदा म्हटलं, खरे कंपायलर सोर्सपासून, म्हणजे त्यांच्या मूळ लिहिलेल्या कोडपासून, बांधूनच दाखवू. लॅबमधलं एक मशीन मोकळं केलं. चार कोअर, ८ जीबी रॅम. वय विचारू नका.

टीसीसी, म्हणजे टायनी सी कंपायलर : मेक दिलं, पाण्याची बाटली उघडली, झालं होतं.
गो, म्हणजे गूगलच्या गो भाषेचा कंपायलर : चहा आला, संपला, झालं.
जीसीसी : सकाळी साडेदहाला लावलं. दुपारचं शेवटचं प्रॅक्टिकल संपलं तरी चालूच.
क्लँग, एलएलव्हीएमसकट : रात्रभर ठेवून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर मशीन गार आणि स्क्रीनवर शेवटचा शब्द 'किल्ड'.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, टीसीसी पण सी कंपायलर, क्लँग पण सी कंपायलर. मग एवढा फरक?" मी म्हटलं, तो मोठा आहे. तर म्हणते, "मोठा म्हणजे नक्की काय मोठं?"

गप्प बसलो. वीस वर्षं शिकवतोय आणि याचं धड उत्तर देता येईना. तुम्ही सांगा.

---

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ११:५८

सर, रात्री लाईट गेली असणार. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचं पहिलं कारण तेच.

---

पाटी_पेन्सिल | मंगळवार, सकाळी ७:१०

यूपीएस आहे हो. लाईट गेली असती तर 'किल्ड' कोण लिहिणार? :)

---

टर्मिनलताई | मंगळवार, सकाळी ९:२२

मूळची सांगलीच्या विश्रामबागेतली, आता पुण्यात. सी++ वर पोट आहे, त्यामुळे बिल्ड होईपर्यंत वाट बघण्याचाच पगार मिळतो.

सर, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. कंपायलर स्वतः बांधून व्हायला किती वेळ लागतो हा एक, आणि तो बांधल्यावर आपला प्रोग्रॅम किती वेळात कंपाईल करतो हा दुसरा. लोक यांची खिचडी करतात. आधी पहिला घेऊ.

टीसीसी फाब्रिस बेलार्डने लिहिला. क्यूईएमयू आणि एफएफएमपेगवाला तोच. हा कंपायलर सोर्स वाचता वाचताच मशीन कोड ओकत जातो. मध्ये झाड नाही, मधलं रूप नाही, 'जरा थांबून विचार करू' नाही. २००४ मध्ये त्याने टीसीसीबूट काढलं होतं : मशीन सुरू करताना लिनक्स कर्नल सोर्सपासून कंपाईल करायचं आणि लगेच चालवायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ वर १५ सेकंदांच्या आत.

एलएलव्हीएमचं उलटं. इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनरने सुरू केलेला हा प्रकल्प मुळात एक कंपायलर नाहीच, कंपायलर बनवायचं सामान आहे. एक्स८६, एआरएम, रिस्क-व्ही, पॉवरपीसी, ग्राफिक्स कार्डं, अगदी एव्हीआरसारखे चिमुकले मायक्रोकंट्रोलर, असे वीसच्या आसपास प्रोसेसर. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तो सगळ्यांसाठी तयारी करतो. तुमच्या लॅबमध्ये आयबीएमचं मेनफ्रेम आहे का? नाही ना? पण त्याच्यासाठीचा कोडही तुमच्या त्या बिचाऱ्या मशीनने रात्रभर कंपाईल केलाय.

---

घाटावरचा | मंगळवार, सकाळी ९:४०

म्हणजे घरात चार माणसं आणि आचाऱ्याला सांगितलं गावजेवण. मग लागणारच की वो रात्र.

---

जुनाट_पास्कल | मंगळवार, सकाळी ११:०५

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होतो. टर्बो पास्कल फ्लॉपीवरून चालायचं, हार्डडिस्कसुद्धा नाही. एडिटर, कंपायलर सगळं एकाच छोट्या फाईलमध्ये. एक बटण दाबलं की कंपाईल. चूक असेल तर कर्सर थेट त्या चुकीवर जाऊन बसायचा. १९८३ सालचं सॉफ्टवेअर! आता १६ जीबी रॅम घेऊन पोरं प्रोग्रेस बार बघत बसतात.

निकलाउस विर्थने पास्कल १९७० मध्ये आणली तीच मुळी एका फेरीत कंपाईल होईल अशी. आधी सांगा, मग वापरा. पुढे येणारं फंक्शन आधी वापरायचं असेल तर फॉरवर्ड म्हणून आगाऊ नोंदवा. लिहिणाऱ्याने शिस्त पाळली की कंपायलरला मागे वळून बघावं लागत नाही. तुमच्या आजच्या भाषा लिहिणाऱ्याचे लाड करतात आणि त्याचं बिल कंपायलर भरतो. २०२४ च्या १ जानेवारीला विर्थसाहेब गेले, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर दिवसभर त्याच आठवणी चालल्या होत्या.

---

गंजलेला | मंगळवार, सकाळी ११:३१

काका, दंडवत. पण टर्बो पास्कलने तयार केलेला कोड किती हुशार होता तेही सांगा की. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगात चालावा म्हणून केलेली घासाघीस, जवळजवळ शून्य. लिहिलंय तसं उतरवायचं. ते वेगात होणारच.

(मी रस्ट भाषेवाला. रस्ट म्हणजे गंज, आयडी वाचून कळलंच असेल.)

---

जुनाट_पास्कल | मंगळवार, सकाळी ११:४४

कारखान्याचा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम होता रे. महिन्यातून एकदा चालायचा. त्याला हुशारी कशाला हवी?

---

गंजलेला | मंगळवार, दुपारी १२:०२

हे मात्र मान्य.

---

शून्यापासून | मंगळवार, दुपारी १:१५

जीसीसीचं कोणी बोललंच नाही. सर, तुमचं जीसीसी एकदा नाही, तीनदा बांधलं गेलंय.

पहिल्या टप्प्यात तुमच्या मशीनवर आधीपासून असलेला जुना कंपायलर नवं जीसीसी कंपाईल करतो. दुसऱ्या टप्प्यात हे नवं जीसीसी स्वतःचाच सोर्स पुन्हा कंपाईल करतं. तिसऱ्यात, दुसऱ्यातून निघालेलं जीसीसी पुन्हा एकदा तोच सोर्स. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ऑब्जेक्ट फाईली (कंपाईल होऊन निघालेले मशीन कोडचे तुकडे) शेजारी ठेवून ताडून बघायच्या. फरक निघाला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

सोपं सांगायचं तर विरजण. शेजारणीकडून कवडी आणली, पहिलं दही लागलं. ते शेजारणीच्याच चवीचं. त्यातलं चमचाभर घेऊन आपल्या दुधात दुसरं लावलं. त्यातून तिसरं. दुसरं आणि तिसरं एकाच चवीचं असेल तर आता दही आपल्या घरचं झालं.

कॉन्फिगर करताना डिसेबल-बूटस्ट्रॅप दिलं असतंत तर एकाच फेरीत दुपारच्या डब्यापर्यंत मोकळे झाला असता.

---

टर्मिनलताई | मंगळवार, दुपारी १:२६

विरजण! ऑफिसात नव्या पोरांना समजावताना उचलणार आहे, आधीच सांगून ठेवते.

---

भडंगप्रेमी | मंगळवार, दुपारी १:३०

आणि जगातलं पहिलं दही कोणी लावलं?

---

शून्यापासून | मंगळवार, दुपारी १:५२

थट्टेत विचारलंत पण प्रश्न खरा आहे. पहिलं दही दुसऱ्याच कशाने तरी लावावं लागतं, लिंबू पिळून म्हणा. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता, २०११ मध्ये तो रस्टमध्ये आला. गोचा कंपायलर सी मध्ये होता, २०१५ च्या ऑगस्टमध्ये गो १.५ पासून गोमध्ये. आता रस्ट बांधायचं तर आधीचं रस्ट डाउनलोड करावं लागतं, गो बांधायचं तर जुनं गो.

आणि याचीच एक भीतीदायक बाजू. केन थॉम्पसनने ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, १९८४ मध्ये छापून आलंय ते, दाखवलं की कंपायलरमध्ये एक छुपी खोडी घालायची, तिने स्वतःला पुढच्या कंपायलरमध्ये उतरवायचं, आणि मग सोर्समधून ती पुसून टाकायची. सोर्स स्वच्छ, पण खोडी पिढ्यान्‌पिढ्या चालू. विरजणातच काही मिसळलेलं असेल तर दूध कितीही चांगलं आणा.

---

घाटावरचा | मंगळवार, दुपारी २:०५

आता दही खायची पंचाईत केली राव तुम्ही.

---

गंजलेला | मंगळवार, दुपारी ३:४०

ताईंनी दोन प्रश्न म्हटले, त्यातल्या दुसऱ्यावर बोलतो, कारण शिव्या आम्हालाच पडतात. "रस्टचा बॉरो चेकर (मेमरी नीट वापरली का ते बघणारा) सगळं तपासत बसतो म्हणून हळू" असं दहातले नऊ जण म्हणतात. साफ चूक. कार्गो चेक चालवून बघा. बॉरो चेकर, टाइप, सगळी तपासणी त्यात होते आणि त्या मानाने लवकर आटपते. खरा वेळ जातो पुढे, एलएलव्हीएम मशीन कोड काढतं तिथे, आणि मग लिंकिंगला, म्हणजे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करायला.

का, तर जेनेरिक्स. मी एक फंक्शन लिहितो, कुठल्याही प्रकारच्या यादीला चालेल असं. पूर्णांकांसाठी वापरलं, अपूर्णांकांसाठी वापरलं, माझ्या तीन स्ट्रक्टसाठी वापरलं, की कंपायलर त्याच्या पाच वेगळ्या प्रती काढतो आणि प्रत्येक स्वतंत्रपणे घासूनपुसून घेतो. शिंप्याकडे माप देऊन शिवलेले पाच शर्ट. रेडिमेड एकाच मापाचा घेतला तर लगेच मिळेल, पण खांद्यात ओढेल.

---

टर्मिनलताई | मंगळवार, दुपारी ४:१०

सी++ मध्ये जेनेरिक्सच्या जागी टेम्प्लेट, त्यांचं तेच दुखणं, वर हेडरचं, म्हणजे इन्क्लूड करून वापरायच्या सामाईक फाईलींचं. इन्क्लूड म्हणजे आयात वगैरे काही नाही हो, ती फाईल जशीच्या तशी तिथे चिकटवणं. दर कीर्तनकाराने मंगलाचरणापासून सुरुवात करावी तशी प्रत्येक फाईल तीच हजारो ओळींची हेडरं पहिल्यापासून वाचते. दोनशे फाईली असतील तर दोनशे वेळा.

गो घडवणाऱ्यांपैकी एक रॉब पाइक, त्याने गोच्या जन्माबद्दल सांगताना गूगलमधला २००७ चा एक आकडा दिलाय. त्यांच्या एका मोठ्या प्रोग्रॅममध्ये सुमारे दोन हजार फाईली, सगळ्या जोडल्या तर ४.२ एमबी. इन्क्लूड उलगडल्यावर कंपायलरच्या तोंडी गेले ८ जीबीहून जास्त. एका बाइटचे दोन हजार! तो बिल्ड ४५ मिनिटांचा होता.

म्हणून गोमध्ये आयात केलेलं पॅकेज एकदाच कंपाईल होतं, वापरणारा फक्त त्याचा सारांश वाचतो. गोल फिरून एकमेकांना आयात करता येत नाही. आणि न वापरलेली आयात ठेवलीत तर इशारा नाही, थेट चूक. सुरुवातीला डोकं फिरतं, पण वेळ वाचतो तो तिथेच.

आणि हो, एलएलव्हीएम आणि क्लँग दोन्ही सी++ मध्येच लिहिलेत. म्हणजे सर, तुमच्या त्या मुलीच्या "काय मोठं" चा हा एक तुकडा : ओळी जास्त आहेतच, पण प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते.

---

हळकुंड | मंगळवार, संध्याकाळी ५:३३

हरिपूरचा आहे, घरचा धंदा हळदीचा, स्वतः आयटीत. यावर उपाय सीकॅश. एकदा कंपाईल झालेली फाईल साठवून ठेवायची, सोर्स बदलला नसेल तर पुढच्या वेळी तिथूनच काढायची.

आमच्याकडे हळद पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद. आत हवा नाही, कीड नाही, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. आजोबा म्हणायचे की पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूसही विझेल. २००५ च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक सगळी गेली.

कॅशचंही तसंच. कंपायलरची आवृत्ती बदलली, एखादा फ्लॅग बदलला, एवढंच काय सगळीकडे वापरलेल्या एका हेडरमध्ये एक ओळ बदलली, की अख्ख्या पेवात पाणी. परत पहिल्यापासून.

---

जुनाट_पास्कल | मंगळवार, संध्याकाळी ६:०१

पेवाची हळद वेगळीच लागायची. आता त्या वासाची मिळत नाही.

---

भडंगप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ६:०४

धागा कंपायलरवरून हळदीवर गेलेला आहे. अजून दोन प्रतिसादांत भडंगावर आणतो, थांबा.

---

सफरचंद_नको | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

स्विफ्टवाला (ॲपलची भाषा) हजर. आमच्याकडे तिसरंच. एका ओळीत पाच-सहा संख्यांची बेरीज, मध्ये एखादा स्ट्रिंग, एखादा क्लोजर. प्रकार कुठलेच लिहिले नाहीत, कंपायलरने ओळखावेत म्हणून. अधिक हे चिन्ह किती प्रकारांसाठी आहे ते त्याला माहीत, त्यामुळे तो सगळ्या जोड्या लावून बघतो. बराच वेळ कुंथून शेवटी म्हणतो, ही पदावली वाजवी वेळेत सुटत नाही, तुकडे करा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. बेरीज येत नाही म्हणून कंपायलरने हात टेकले!

दोन ठिकाणी प्रकार लिहिला की झटक्यात होतं. काका वर म्हणाले ते पटतं : लिहिणाऱ्याने सांगितलं नाही तर कंपायलरला अंदाज बांधावे लागतात.

---

तरफेची_तार | मंगळवार, रात्री ९:४५

मिरजेचा. घरात तीन पिढ्या तंबोरे, सतारी. मी नोकरी करतो सॉफ्टवेअरची, रविवारी काकांच्या हाताखाली बसतो. सगळे वेळ वाया जातो म्हणताय म्हणून लिहितोय.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, वाळतो, कापतो, दांडी बसते, पॉलिश होतं. या सगळ्यानंतर तंबोरा तंबोऱ्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, झाला की, द्या. पण अजून जवारी काढायचीय. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने घासायचा, केसाएवढा. तार चढवायची. छेडायची. कान लावायचा. तार उतरवायची. परत घासायचा. कधी एका सकाळीत होतं, कधी दोन दिवस बसून होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला आधीच्या आणि नंतरच्या घोडीत काही फरक दिसत नाही. फरक ऐकू येतो.

ऑप्टिमायझर म्हणजे जवारी. आणि कंपायलरमध्ये अगदी हीच पद्धत आहे, प्रोफाइल बघून केलेलं ऑप्टिमायझेशन. आधी प्रोग्रॅम असा बांधायचा की तो स्वतःच्या नोंदी ठेवेल. मग तो खराखुरा चालवायचा, कुठला रस्ता जास्त तुडवला जातोय ते टिपायचं. आणि त्या नोंदी घेऊन पुन्हा बांधायचा. छेडा, ऐका, घासा. म्हणजे दोनदा बिल्ड, आणि मध्ये एक मैफल.

ज्यांना वाटतं पायथॉनला कंपाईलची कटकट नाही, त्यांनी पायथॉन स्वतःच सोर्समधून एनेबल-ऑप्टिमायझेशन्स देऊन बांधून बघावं. सीपायथॉन, म्हणजे नेहमीचं पायथॉन, सी मध्ये आहे. मधल्या मैफलीत ते स्वतःच्या टेस्टमधला एक गठ्ठा चालवत बसतं. तो फ्लॅग काढला तर बिल्ड खूप लवकर होतो. चालतोही तो. फक्त जवारी नसते.

---

शून्यापासून | मंगळवार, रात्री ९:५८

आजवर या विषयावर वाचलेल्यातलं सगळ्यात चांगलं. वाचनखूण साठवली.

---

गंजलेला | मंगळवार, रात्री १०:१२

छान लिहिलंय, पण एक भांडण. प्रत्येक तंबोऱ्याला जवारी लागते हे खरं, पण मी दिवसातून साठ वेळा कंपाईल करतो त्यातले एकोणसाठ वेळा मला फक्त तार तुटत नाही ना एवढंच बघायचं असतं. तिथे कानस घेऊन बसण्यात अर्थ नाही. म्हणून आमच्याकडे आता मशीन कोड काढायला एलएलव्हीएमऐवजी क्रेनलिफ्ट म्हणून दुसरं बॅकएंड चाललंय. डिबग बिल्डला कमी घासायचं, लवकर द्यायचं.

---

तरफेची_तार | मंगळवार, रात्री १०:३०

बरोबर. काकाही शिकाऊ पोराच्या हातात आधी पाटावर ठोकलेली तार देतात.

---

जुनाट_पास्कल | बुधवार, सकाळी ६:१५

जवारीवर एक. विर्थसाहेबांच्या गोटात एक नियम होता म्हणतात. कंपायलरमध्ये नवं ऑप्टिमायझेशन घालायचं तर कसोटी एकच : ते घातल्यावर कंपायलर स्वतःला आधीपेक्षा लवकर कंपाईल करतो का? घासायला लागलेला वेळ घासल्यामुळे भरून निघाला तर ठेवा, नाहीतर काढा. घरच्या दह्याने घरचं दूध.

आणि दुसरी गंमत. आमचं टर्बो पास्कल ज्याने लिहिलं तो अँडर्स हेल्सबर्ग. याच गृहस्थाने पुढे सी# आणि टाइपस्क्रिप्ट केली. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्येच होता. मार्च २०२५ मध्ये त्याने जाहीर केलं की तो आता गोमध्ये आणतोय, सुमारे दहापट वेगात. व्हीएस कोड या एडिटरचा सगळा सोर्स तपासायला सुमारे ७८ सेकंद लागायचे ते साडेसातवर. बेचाळीस वर्षांचा पोरगाच आहे तो माझ्या लेखी, अजून सेकंद मोजतोय.

---

टर्मिनलताई | बुधवार, सकाळी ८:५०

काका, ती बेचाळीस वर्षं त्याच्या कंपायलरची. तो स्वतः साठी ओलांडलेला आहे. :)

म्हणजे स्वतःच्या भाषेत स्वतःचा कंपायलर लिहिणं हा दरवेळी फायद्याचाच सौदा असतो असं नाही. गो १.५ मध्ये सी वरून गोमध्ये आले तेव्हा त्यांच्याच नोंदीत लिहिलं होतं की बिल्ड साधारण दुप्पट हळू होतील. सी चा कोड यंत्राने गोमध्ये उतरवला होता, तो गोच्या वळणाचा नव्हता. नंतरच्या आवृत्त्यांत घासून घासून बरंच भरून काढलं.

---

हळकुंड | बुधवार, सकाळी ९:१५

सगळं ठीक. पण सरांचं क्लँग 'किल्ड' का झालं ते अजून कोणी सांगितलंच नाही. सर, बिल्ड टाइप काय दिला होता? आणि जे, म्हणजे एका वेळी चालवायची कामं, किती?

---

पाटी_पेन्सिल | बुधवार, सकाळी १०:४०

वर्गात होतो. बिल्ड टाइप डिबग. कुठल्यातरी जुन्या लेखात होता तसा. आणि जे ८, लवकर व्हावं म्हणून.

---

हळकुंड | बुधवार, सकाळी १०:४४

सापडला चोर.

---

टर्मिनलताई | बुधवार, सकाळी ११:०२

अहो सर! डिबगमध्ये प्रत्येक ओळीची, प्रत्येक व्हेरिएबलची माहिती ऑब्जेक्ट फाईलमध्ये भरली जाते. शेवटी लिंकर येतो आणि हे सगळं एकत्र मेमरीत घेऊन एक मोठी फाईल शिवतो. एकेक लिंक काही जीबी खाते. आणि शेवटाकडे एक नाही, डझनावारी प्रोग्रॅम लिंक होतात.

कंपाईल म्हणजे भाजी निवडणं. आठ बायका बसवा, आठपट लवकर होईल. लिंक म्हणजे मोठं पातेलं चुलीवर. ८ जीबीच्या चुलीवर आठ पातेली ठेवलीत. कर्नलने बघितलं मेमरी संपली, सगळ्यात जाडा कोण ते पाहिलं आणि त्याला उचलून बाहेर फेकलं. तोच तुमचा 'किल्ड'. चूक क्लँगची नाही, मशीनचीही नाही.

करा असं : बिल्ड टाइप रिलीज. टार्गेट्स-टू-बिल्ड मध्ये फक्त एक्स८६. पॅरलल-लिंक-जॉब्ज एक. मेकऐवजी निंजा. लिंकर एलएलडी मिळाला तर तो, जुन्या बीएफडीपेक्षा खूप चपळ आहे.

---

भडंगप्रेमी | बुधवार, सकाळी ११:०९

सर, ताईंनी फ्लॅग देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलात तसेच टाकू नका. नाहीतर नवा धागा निघेल.

---

घाटावरचा | बुधवार, सकाळी ११:१५

"सगळ्यात जाडा कोण ते पाहिलं आणि बाहेर फेकलं". आमच्यात लग्नाच्या जीपमध्ये माझं हेच होतंय दरवेळी.

---

पाटी_पेन्सिल | शुक्रवार, संध्याकाळी ६:२५

अहवाल देतो.

ताईंनी सांगितलं तसं केलं. २ तास २० मिनिटांत क्लँग तयार, तेच मशीन, तीच ८ जीबी. शेवटच्या लिंकला पोरं मशीनभोवती उभी होती, मॅच बघावी तशी. शंभर टक्के झाल्यावर कोणीतरी शिट्टी मारली. शेजारच्या लॅबमधून सर बघायला आले.

मग त्या मुलीला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच काढ. तिने मॅट्रिक्स गुणाकाराचा साधा प्रोग्रॅम लिहिला, हजार बाय हजार. टीसीसीने कंपाईल केला : वेळ मोजण्याइतका लागलाच नाही. चालायला ९ सेकंद. क्लँगने ओ-टू (ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग) देऊन : कंपाईलला किंचित थांबावं लागलं, चालायला २ सेकंद. वहीत तिने दोन रकाने केले, 'आधी' आणि 'नंतर', आणि दोन्ही कंपायलरची वेळ दोन्हीकडे लिहिली. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "सर, मोठं म्हणजे हे. टीसीसी काम पुढे ढकलतो, क्लँग आधी करून ठेवतो."

मी विरजण सांगितलं, जवारी सांगितली (तरफेची_तार, तुमच्या काकांच्या दुकानात वर्ग घेऊन आलो तर चालेल का?). पेव मात्र मुलांपैकी तिघांनाच माहीत होतं.

मागच्या बाकावरच्या एकाने टीसीसी घेऊन टीसीसीनेच टीसीसी कंपाईल केला. पापणी लवायच्या आत. त्याने तो दहा वेळा केला, नुसता मजा म्हणून. मग विचारतो, "सर, दहावं दही आणि दुसरं दही सेम आहे का बघायचं?" ताडून बघितलं. सेम होतं.

---

तरफेची_तार | शुक्रवार, संध्याकाळी ७:०२

जरूर या. फक्त रविवारी सकाळी, काका दुपारी झोपतात. आणि पंधरापेक्षा जास्त पोरं नकोत, माडीवर जागा नाही.

---

शून्यापासून | शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

म्हणजे पॅरलल जॉब्ज पंधरा.

---

भडंगप्रेमी | शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

भडंग मी आणतो. बघा, म्हटलं होतं ना आणतो म्हणून.

---

जुनाट_पास्कल | शनिवार, सकाळी ६:०५

मिरजेला मीही येईन म्हणतो. त्या मुलाला सांगा, माझ्या माळ्यावर टर्बो पास्कलची फ्लॉपी आहे. चालवायला ड्राइव्ह कुणाकडे असेल तर कळवा.